अकरावर डबल

"रुमाल काढ," आबा म्हणाले.

पणजीच्या धक्क्यावरून सुटलेल्या छोट्या बोटीत आम्ही बसलो होतो. मांडवीच्या मधोमध कसिनोचं जहाज नांगर टाकून उभं होतं आणि ही बोट पाहुण्यांना तिथवर पोचवत होती. जेवणाची वेळ नुकतीच टळली होती. बोट निम्मी रिकामी होती.

"माझा कशाला? तुमचा कुठंय?"

"माझ्याला मघाशी फिश करी लागली. सौदा असल्या रुमालाखाली करतात व्हय?"

मी पर्समधून रुमाल काढला. आबांनी तो झटकला, उलगडला आणि आमच्या दोघांच्या उजव्या हातांवर पसरला.

आबा म्हणजे माझे सासरे, वासुदेव शिंत्रे. गडहिंग्लजच्या बाजारात त्यांची मिरचीची अडत होती. त्यांच्या तरुणपणी तिथे भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात मिळवायचे आणि एकमेकांची बोटं धरून आकडे सांगायचे. वर चेहऱ्यावर काही नाही, गप्पा पावसापाण्याच्या. अंगठा दाबला की सौदा पक्का. मग रुमाल उचलायचा आणि त्या सौद्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. भाव कसा ठरला, कोण किती खाली आलं, कुणी कुणाला सांभाळून घेतलं, हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. पुढे उघड लिलाव आले आणि रुमाल गेले. आबांचा गेला नाही. माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी माझ्या वडिलांशी रुमालाखाली केली होती. काय ठरलं ते मला आजही माहीत नाही.

"काय पाहिजे ते आधी तोंडाने बोल," ते म्हणाले. "आकडा खाली."

"आजच्या पत्त्यांच्या स्पर्धेत मी वर राहिले तर तुमचं बायपास."

"आणि मी वर राहिलो तर घरात त्या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही. तू नाही, शैलेश नाही. त्या डॉक्टरचा फोन आला तरी उचलायचा नाही."

"कबूल."

"दोघंही फायनलला पोचलो नाही तर?"

"तर ज्याला जास्त टिकता आलं तो."

"शैलेशला विचारलंस?"

"शैलेशला विचारलं असतं तर आपण इथं आलो असतो का?"

आबा हसले. शैलेश माझा नवरा आणि त्यांचा एकुलता मुलगा. आम्ही दोघं नातेवाइकांच्या साखरपुड्याला सावंतवाडीला गेलो आहोत, अशी त्याची समजूत होती. साखरपुडा खराच होता. तिथून पणजी जवळ पडते, एवढंच त्याला सांगितलं नव्हतं.

रुमालाखाली मी त्यांचं एक बोट धरलं. एका आठवड्यात दवाखान्यात भरती व्हायचं. आबांनी माझी पाचही बोटं मुठीत घेतली. पाच आठवडे. मी पुन्हा एकच धरलं. ते चारवर आले. "यंदा संकेश्वरी मिरचीला रंग चांगला धरलाय," ते समोरच्या अनोळखी बाईंना सांगत होते. मी दोन बोटं धरली आणि सोडली नाहीत. त्यांनी तिसरं पुढे करून बघितलं, मग मागे घेतलं. अंगठा दाबला.

दोन आठवडे.

जहाजाला बोट लागली. वर जायला लोखंडी जिना होता. आबा तो चढताना मध्येच थांबले, कठडा धरून पाण्याकडे बघत राहिले. मागचे लोक खोळंबले.

"पाणी बघतोय," ते म्हणाले.

त्यांच्या ओठांचा निळसर रंग मला दिसत होता. हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद आहेत असं डॉक्टरांनी आम्हाला सांगून चार महिने झाले होते. आबांचं एकच उत्तर होतं. माझ्या सासूबाई पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्या कागदावर सही आबांनी केली होती. "एकदा सही केली. बास," ते म्हणायचे. त्यापुढे त्यांच्याशी वाद घालणं कुणालाच जमत नव्हतं. शैलेश चिडायचा, रडायचाही. आबा उठून देव्हाऱ्यातली समई पुसायला घ्यायचे.

पण सौदा त्यांनी कधी मोडला नव्हता. माझ्याजवळ तेवढा एकच रस्ता शिल्लक होता.

खेळ मी त्यांना शिकवला होता. सासूबाई गेल्यावर आबा आमच्याकडे कोल्हापूरला राहायला आले आणि संध्याकाळचे नुसते खिडकीत बसून राहू लागले. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते आणि तेव्हा क्रीडा पानाचं काम बघत होते. ब्लॅकजॅकच्या स्पर्धांवरचा एक लेख पानासाठी आला होता. जागा नव्हती म्हणून तो लागला नाही, पण मी तो घरी आणला. आबा आणि मी जेवणाच्या टेबलावर पत्ते घेऊन बसलो. चिप्स म्हणून चिंचोके.

साध्या ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येकाची लढत डीलरशी, म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याशी असते. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता डीलरपेक्षा जास्त करायची. स्पर्धेत तसं नसतं. तिथे सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, ठरावीक हात खेळले जातात आणि शेवटी ज्याच्यापुढे सगळ्यांत जास्त चिप्स तो जिंकतो. म्हणजे डीलर राहतो बाजूला, लढत शेजाऱ्याशी असते. आपल्या पत्त्यांपेक्षा त्याच्या चिप्सकडे जास्त बघावं लागतं. आबांना हे लगेच पटलं. "हे बाजारासारखंच की," ते म्हणाले. "मिरची कशी आहे ते सगळ्यांनाच दिसतं. शेजारचा कितीपर्यंत जाईल ते कळलं पाहिजे."

त्यांची एक खोड मात्र जाईना. पहिल्या दोन पत्त्यांची बेरीज अकरा आली की ते डबल मारायचे. डबल म्हणजे लावलेल्या चिप्स दुप्पट करायच्या आणि त्यावर एकच पत्ता घ्यायचा. एरवी अकरावर डबल मारणं बरोबरच असतं, कोणीही मारेल. पण शेवटच्या हाताला जो पुढे असतो त्याला दुप्पट जिंकून काही मिळत नाही आणि दुप्पट हरला तर हातची आघाडी जाते.

"आबा, तुम्ही पुढे होतात! कशाला मारलंत?"

"अकरा आले की."

"आले म्हणून काय झालं?"

"अकरा आल्यावर हात राहतो व्हय?"

मी त्यांचे चिंचोके ओढून घ्यायचे. हा संवाद आमच्या घरात इतक्यांदा झाला होता की आमची पोरगी गोष्ट पाठ म्हणावी तसा तो म्हणून दाखवायची.

दुपारच्या त्या स्पर्धेला चाळीसेक लोक होते. संध्याकाळी जहाज भरतं. दुपारी टेबलं रिकामी असतात म्हणून कसिनोवाले अशा स्पर्धा ठेवतात. चिप्स स्पर्धेपुरत्या, बाहेर त्यांना किंमत नाही. आम्हा दोघांची टेबलं वेगळी पडली. आबांच्या टेबलावर जिग्नेशभाई होते, इचलकरंजीचे सूत व्यापारी. तिसऱ्या पिढीचे इचलकरंजीकर, मराठी आपल्यासारखं, फक्त उत्साहात गुजराती व्हायचे. त्यांची आणि आबांची बाजारातली जुनी ओळख होती.

"काका, सूनबाईला घेऊन जुगाराला?" ते लांबूनच ओरडले. "आमच्याकडे असं केलं तर बायको माहेरी पाठवील. मला!"

"ती मला घेऊन आलीय," आबा म्हणाले.

पहिल्या फेरीत माझं टेबल मी जिंकलं. सेमीफायनल अवघड गेली. शेवटच्या हाताला मी मागे होते, सगळं लावलं आणि डीलर एकवीसच्या पुढे गेली. पलीकडच्या टेबलावर काय चाललंय ते बघायला मला सवड नव्हती. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मान वळवली. आबा आणि जिग्नेशभाई दोघंही फायनलला आले होते. आबा खुर्चीतून उठत होते आणि जिग्नेशभाई हसता हसता त्यांच्या पाठीवर थापा मारत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले. "चहा मिळतो का बघ. साखर घालून सांग. आज चालतंय."

फायनलला पाच जण. बंगळुरूचे दोघे मित्र होते, ते लवकर संपले. राहिलो आम्ही तिघं. आबा माझ्या डाव्या हाताला, जिग्नेशभाई उजव्या. डीलर मणिपूरची मुलगी होती. आबांनी तिला पहिल्याच हाताला नाव विचारलं आणि मग तिला शेवटपर्यंत "बाई" म्हटलं.

आबा चांगले खेळत होते. मला अभिमान वाटत होता. ते माझ्या चिप्सकडे बघायचे, मग जिग्नेशभाईंच्या, मग स्वतःच्या, आणि मगच लावायचे. घाई नाही. मी शिकवलेलं सगळं ते माझ्याविरुद्ध वापरत होते. एकदा मी मोठी बोली लावल्यावर ते जिग्नेशभाईंना म्हणाले, "आमची सून भिते तेव्हा मोठं लावते." मी खरंच भ्यायले होते.

शेवटून दुसऱ्या हाताला जिग्नेशभाईंनी सगळं लावलं आणि गेलं. ते उठून आमच्या पाठीशी उभे राहिले.

"आता घरातलं घरात," ते म्हणाले. "आम्ही बघतो मजा."

शेवटचा हात. आबांपुढे चौदा हजारांच्या चिप्स, माझ्यापुढे साडेबारा हजार. जास्तीत जास्त बोली पाच हजार. आधी कोणी लावायचं हे दर हाताला बदलत असतं. त्या हाताला ते माझ्यावर आलं. यापेक्षा वाईट काही नव्हतं. मी जे लावीन ते बघून आबा लावणार होते. मी जेवढं लावलं तेवढंच त्यांनी लावलं की झालं. आम्ही दोघं जिंकलो तरी तेच पुढे, दोघं हरलो तरी तेच पुढे. मी जिंकून ते हरले, तरच माझी आशा होती.

मी पाच हजार पुढे सरकवले.

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. मोजून पाच हजार लावले. अगदी बरोबर. मी त्यांना हेच शिकवलं होतं.

पत्ते आले. माझी बेरीज अठरा. आबांचे सहा आणि पाच. डीलरचा उघडा पत्ता नऊ.

अठरावर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मी हात आडवा फिरवला, बास. आता आबा. त्यांच्यापुढे सहा आणि पाच शेजारी शेजारी पडले होते.

"अकरा छे काका!" मागून जिग्नेशभाई ओरडले आणि एकदम गप्प झाले.

टेबलावर कोणी कुणाला सल्ला द्यायचा नसतो. मी द्यायचा प्रश्नच नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या हाताकडे बघत होते. हात चिप्सच्या थप्पीवर काही वेळ तसाच होता. मग त्यांनी अंगठ्याने थप्पी दाबली आणि आणखी पाच हजार पुढे ढकलले.

"बाई, डबल."

एकच पत्ता. चौकट चौकी. पंधरा.

मुलीने स्वतःचा दुसरा पत्ता घेतला. राजा. एकोणीस.

आम्ही दोघंही हरलो होतो. मी हरले एवढंच मला त्या क्षणी कळलं. मी पर्स उचलली. शैलेशला काय सांगायचं, डॉक्टरांचा फोन यापुढे उचलायचा नाही, समई रोज पुसली जाणार, असं काहीबाही डोक्यात येत होतं. मुलीने आमच्या दोघांच्या पुढ्यातल्या चिप्स ओढून घेतल्या. कसिनोचा माणूस आला, उरलेल्या मोजल्या आणि माझ्यापुढे हात केला.

"काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम."

मला कळेना. मी टेबलाकडे बघितलं. माझ्यापुढे साडेसात हजार होते. आबांपुढे चार. डबल मारलं नसतं तर नऊ राहिले असते.

"आबा!" मी ओरडले. "अकरा आले म्हणून डबल मारलंत?"

"आले की," आबा म्हणाले. "हात राहिला नाही."

"तुम्ही पुढे होतात! शेवटचा हात होता! किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"तू जिंकलीस, बघ की आधी."

"मी जिंकले नाही, तुम्ही हरलात! वर्षभर शिकवतेय, वर्षभर! एवढी साधी गोष्ट!"

लोक बघत होते. जिंकलेली बाई हरलेल्या म्हाताऱ्याला झापतेय हे त्यांनी आधी बघितलं नसावं. जिग्नेशभाई मात्र हसत नव्हते. ते आबांकडे बघत होते. आबांनी त्यांच्याकडे बघून मान किंचित हलवली. मला वाटलं, चला म्हणतायत.

बोटीतून परत येताना मी धक्क्यापर्यंत बोलत होते. आज मला वाटतं ती भीती होती, सुटल्यानंतरची. आबा ऐकत होते. हातात बक्षिसाचा चषक होता, माझा, पितळी आणि बेढब. उतरताना ते एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, वैजू."

दोन आठवडे पुरे व्हायच्या आत ते कोल्हापुरातल्या दवाखान्यात भरती झाले. कागद समोर आला तेव्हा शैलेशने पेन पुढे केलं. आबांनी ते त्याच्याकडून घेऊन स्वतः सही केली. आत जाताना त्यांनी माझा तो रुमाल मागून घेतला. परिचारिकेने काढून ठेवायला सांगितलं तर म्हणाले, "तो माझा नाही, परत करायचाय. जपून ठेवा." शैलेश मला पुन्हा पुन्हा विचारत होता, कसं पटवलंस म्हणून. मी सांगितलं, सौदा केला. पुढचं सांगता येत नाही.

नंतर एकदा ते बरे होऊन गच्चीत चालत होते तेव्हा मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही..."

"रुमाल उचलला ना?"

"हो."

"मग झालं."

त्यांना पुढे नऊ वर्षं मिळाली. आम्हाला मिळाली, असं म्हणायला हवं. त्यांनी नातीला वासावरून मिरची ओळखायला शिकवलं. ती दहावीला असताना पहाटे तिच्याबरोबर उठून बसायचे आणि ती अभ्यासाला लागली की खुर्चीतच झोपायचे. माझं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा मी दोन दिवस खोलीतून बाहेर आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आबांनी दारावर टकटक केली, हातात चषक, चषकात चिंचोके. "चल, डाव मांड," म्हणाले. त्या संध्याकाळी अकरा आले आणि त्यांनी डबल मारलं आणि मी ओरडले. त्याने मला बरं वाटलं. शैलेश आणि त्यांच्यात सगळी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं तेही बहुतेक बोलून झालं. मग एका दुपारी, जेवल्यावर, आरामखुर्चीत ते गेले.

तेराव्याच्या आधी जिग्नेशभाई भेटायला आले. केस पांढरे झाले होते. फोटोला हार घातला, बसले, चहा घेतला. बाजाराच्या, मुलांच्या गोष्टी झाल्या. मग मीच कसिनोची गोष्ट काढली. आबा गेल्यापासून सगळ्यांना सांगत होते तशीच, हसत. अकरा दिसले की आबांचा हात राहायचा नाही, त्याच खोडीमुळे मी जिंकले आणि त्याच खोडीमुळे ते ऑपरेशनला तयार झाले.

जिग्नेशभाईंनी कप खाली ठेवला.

"ऑपरेशनचं? ते त्या खेळावर होतं?"

"सौदा होता आमचा. मी वर राहिले तर ऑपरेशन."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"काकांनी मला बोलू नको म्हणून खूण केली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, सुनेला बक्षीस मिळावं म्हणून केलं असेल. म्हणून मी बोललो नाही कधी. आता काका नाहीत. सांगू का?"

"सांगा ना."

"सेमीफायनलला शेवटच्या हाताला काका पुढे होते. आणि त्यांना अकराच आले. सात आणि चार, मला आठवतं. मी म्हटलं, काका, अकरा, मारो डबल! सगळं टेबल म्हणत होतं. काकांनी हात मागे घेतला आणि साधा पत्ता मागितला."

"डबल मारलं नाही?"

"नाही. मी विचारलं, का हो? तर हसले. म्हणाले, 'शेवटच्या हाताला पुढे असताना डबल मारलं तर सून ओरडेल.'"

जिग्नेशभाई गेल्यावर मी पत्ते काढले. माझे अठरा मांडले, आबांचे सहा आणि पाच, डीलरचा नऊ. पुन्हा पुन्हा तपासलं. डबल मारून आबांनी मला जिंकवलं नव्हतं. डीलरला सतरा आले असते तर मी तशीही जिंकले असते. आबांना दहाचा पत्ता आला असता तर तेच जिंकले असते, डबल मारूनही. त्यांनी एकच केलं होतं. दोघंही हरलो तर काय, एवढा एक कोपरा त्यांच्या बाजूला होता, तो त्यांनी माझ्या बाजूला सरकवला. उरलेलं पत्त्यांवर सोडलं. बाजारात घेणाऱ्याला सांभाळून घ्यायचं असलं की एवढंच करतात. सौदा मोडत नाहीत, फुकटही देत नाहीत. एक बोट मागे घेतात.

आणि ते कधी सांगत नाहीत. त्यामुळे समोरच्याला आभारही मानता येत नाहीत.

तो रुमाल त्यांनी मला दवाखान्यातून आल्यावर धुऊन, इस्त्री करून परत दिला होता. मी तो वापरत असते. चषकातल्या चिंचोक्यांना आता नात्यातली पोरं हात लावतात, मी काही म्हणत नाही. पण त्या दुपारची बोट मला सारखी आठवते. मी धक्क्यापर्यंत त्यांना बोलत होते. एवढी साधी गोष्ट, वर्षभर शिकवतेय, म्हाताऱ्या माणसाला समजतच नाही. वारा होता, त्यांनी टोपी हाताने धरली होती, आणि मांडीवर माझा चषक घेऊन ते माझं एकेक वाक्य मान डोलावत ऐकत होते, भाव मनासारखा मिळाल्यावर अडत्याने बसावं तसे.

"चुकलं माझं, वैजू."